तोंगाचा कावा, आपली पुडी आणि रात्रीची बैठक

आपल्याकडं नशा म्हणलं की दोनच गोष्टी डोळ्यासमोर येतात, दारू नाहीतर तंबाखू-गुटखा. पण जे पिऊन माणूस भांडत नाही, शिव्या देत नाही, उलट हळूहळू गप होत जातो, आवाज खाली येतो, समोरच्याचं नीट ऐकून घेतो, आणि तरीबी त्याच्यापायी घरात बायको रात्रभर दाराकडं बघत बसते, असंबी काहीतरी जगात आहे हे मला माझ्या मावसभावामुळं कळलं. त्याला कावा म्हणतात.

दादा मूळचा आमच्या केज तालुक्यातलाच, आता बरीच वर्षं ऑकलंडला असतो, दक्षिण ऑकलंडमधी, एका गोडाऊनमधी फोर्कलिफ्ट चालवतो. त्याच्या शिफ्टला बरेचसे लोक तोंगाचे. सुरुवातीला फोनवर कधीतरी विषय निघायचा, मग शुक्रवार आला की दादा "कावाला बसायलोय" म्हणायला लागला, आणि एक दिवस वहिनीचाच फोन आला, "भावजी, तुम्ही लॅबवाले आहात, तुम्हीच सांगा त्यांना, माझं ऐकायलेच नाहीत." मी सांगणार काय, मला कावा माहीतच नव्हता. म्हणून वाचायला बसलो. माझा धंदा रक्त-लघवी तपासायचा, त्यामुळं वाचन लिव्हरपासून सुरू झालं, पण नंतर ज्या गोष्टीनं मला धरून ठेवलं ती लिव्हरची नव्हती.

आधी तोंगाबद्दल. पॅसिफिक महासागरातलं बेटांचं राज्य आहे, अजून तिथं राजा आहे, आणि २०२१ च्या जनगणनेत सगळ्या देशाची लोकसंख्या भरली एक लाखाच्या आसपास, म्हणजे आमच्या एकट्या केज तालुक्यात त्याहून जास्त माणसं राहतात. आणि एकट्या न्यूझीलंडमधी २०१८ च्या जनगणनेत ८२ हजारांच्या वर तोंगन मोजले गेले. ऑस्ट्रेलिया अमेरिका धरली तर देशात कमी आणि देशाबाहेर जास्त अशी त्यांची गत. बाहेरून घरी येणाऱ्या पैशावर चालणाऱ्या देशांत तोंगा जगात अगदी वरच्या नंबरात आहे. ज्या गावात प्रत्येक घरातलं एकतरी माणूस पुण्याला चाकणला नाहीतर कारखान्यावर आहे त्या गावातल्या वाचकाला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आता कावा. हे एक झुडूप आहे, शास्त्रीय नाव पायपर मेथिस्टिकम. आपलं विड्याचं पान पायपर बीटल, काळी मिरी पायपर नायग्रम, पिंपळी पायपर लाँगम, म्हणजे ही सगळी एकाच कुळातली भावंडं, कावाची पानंबी नागवेलीसारखी बदामी आकाराची असतात. फक्त पान खात नाहीत, मुळी वापरतात. झुडूप तीन-चार वर्षांचं झालं की मुळी उपटायची, वाळवायची, कुटून पूड करायची, गार पाण्यात चांगली पिळून पिळून कालवायची आणि गाळायची. मातकट रंगाचं कडवट पाणी तयार होतं. आंबवत नाहीत, त्यात अल्कोहोल नसतं. कावालॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यांनी स्नायू सैल पडतात, मन निवांत होतं. दादा म्हणतो पहिल्या वाटीतच ओठ आणि जीभ बधिर होते, दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो तेव्हा होते तशी.

त्यांच्याकडं कावाच्या जन्माची एक गोष्ट सांगतात, ती मी दादाकडून ऐकली आणि नंतर वाचलीबी. एउएइकी नावाच्या छोट्या बेटावर दुष्काळ पडलेला, आणि अशात राजा तिथं उतरला. फेवांगा आणि फेफाफा नावाचं नवरा-बायको, घरात राजाला वाढायला काहीच नाही. त्यांना एकुलती एक मुलगी, कावाओनाऊ, तिला कुष्ठरोग झालेला. पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं म्हणून त्यांनी पोटच्या पोरीला मारून जमिनीतल्या भट्टीत शिजवलं. राजाला कळलं तेव्हा तो हलला, घास घेतला नाही, म्हणाला हिला नीट पुरा. पुरल्या जागी दोन रोपं उगवली, डोक्याच्या बाजूनं कावा आणि पायाच्या बाजूनं ऊस. मग एका उंदरानं कावाची मुळी कुरतडली आणि तो लटपटायला लागला, पुढं जाऊन ऊस खाल्ला तर परत ताळ्यावर आला. तेव्हापासून कावा प्यायची रीत पडली म्हणतात.

दुष्काळ, दारात आलेला मोठा माणूस, आणि किंमत मोजली कुणी तर घरातल्या आजारी पोरीनं, आणि त्यातून उगवला ऊस. आमच्या भागात ही गोष्ट ऐकून कुणाच्याबी पोटात कालवेल. मी ती लॅबमधल्या पोरांना सांगितली तर बराच वेळ कुणी बोललं नाही.

तोंगामधी राजाच्या राज्यारोहणापासून लग्नापर्यंत आणि मयतीपर्यंत कावा लागतोच, तिथं कोण कुठं बसणार, पहिली वाटी कुणाला, सगळं ठरलेलं. पण दादा ज्याला बसतो ती रोजची साधी बैठक, तिला फाइकावा म्हणतात. चर्चच्या हॉलमधी असते, कालापू म्हणजे त्यांच्या क्लबांत असते, आणि ऑकलंडमधी जास्त करून कुणाच्यातरी गॅरेजमधी असते. गाडी बाहेर काढायची, खाली चटया अंथरायच्या, मधी पायांची लाकडी परात, तिच्यात कावा, नारळाच्या करवंटीनं एकेकाला द्यायचा, दिलेली करवंटी एका दमात रिकामी करायची. जुन्या पद्धतीत वाढायला एक बिनलग्नाची मुलगी बसते, तिला तोउआ म्हणतात, बाकी गोलात सगळे पुरुष. गिटार असते, जुनी गाणी म्हणतात, देवाची बी आणि प्रेमाची बी. मधी बोलणं चालू. गावाकडं कुणाचं घर पडलं, कुणाच्या पोराला कॉलेजला पैसे पाहिजेत, वर्गणी तिथंच गोळा होते. तिकडं जन्मलेली पोरं आपली भाषा घरी बोलायला लाजतात, ती म्हणे या गोलात बसून शिकतात. आठ वाजता बसलेले लोक रात्री दोन-तीनला उठतात.

मला पहिल्यांदा वाटलं हे सगळं वेळ घालवायचं निमित्त आहे, पण या लोकांचा तिथला इतिहास वाचला की तसं म्हणवत नाही. १९६० च्या दशकापासून ऑकलंडच्या फॅक्टऱ्यांना माणसं पाहिजे होती म्हणून पॅसिफिक बेटांवरून लोकांना येऊ दिलं, व्हिसा संपला तरी कुणी विचारत नव्हतं. मग १९७३ नंतर मंदी आली आणि तीच माणसं डोळ्यात खुपायला लागली. १९७४ ते १९७६ या काळात पोलीस पहाटे पहाटे घरांत घुसून कागदपत्रं मागायचे, लेकरांसमोर माणसं उचलून न्यायचे. या डॉन रेडसबद्दल न्यूझीलंडच्या सरकारनं २०२१ च्या ऑगस्टमधी, म्हणजे किती वर्षांनी बघा, तोंगन आणि इतर पॅसिफिक समाजाची जाहीर माफी मागितली, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न स्वतः कार्यक्रमाला होत्या. त्या काळात तरणे असलेले लोक आता सत्तरीत आहेत आणि आजबी गोलात बसतात. दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत हो सर हो सर करून आल्यावर जिथं आपली भाषा, आपली गाणी, आपला मान आहे अशी जागा त्यांना कावाच्या परातीभोवतीच मिळाली.

आणि २०२२ च्या १५ जानेवारीला तो समुद्रातला ज्वालामुखी फुटला, हुंगा तोंगा, त्सुनामी आली, समुद्राखालची केबल तुटली आणि अख्खा देश जगापासून तुटला. दादा सांगतो, त्याच्या सुपरवायझरची आई आणि भाऊ तिकडं होते, कित्येक दिवस फोन नाही की मेसेज नाही. तो माणूस कामावर यायचा, फोर्कलिफ्टच्या चाव्या वाटायचा, एक शब्द बोलायचा नाही, आणि संध्याकाळ झाली की गॅरेजमधी. तिथं सगळेच तसले. गाणं नाही, गिटार नाही, नुसते बसलेले आणि करवंटी फिरायलेली, कुणाकडं काही निरोप आला का एवढंच एकमेकांना विचारायचं. दादाबी त्या दिवसांत गेला. मला म्हणला, "अरे, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी आपले लोक पारावर बसायचे ना, घरात जायची भीती वाटायची म्हणून, तसंच वाटलं मला." १९९३ ला दादा शाळेत होता.

एवढं सगळं कळल्यावर वहिनीला मी काय सांगणार होतो, की कावा वाईट आहे, बंद करा? पण वहिनीची तक्रारबी खरीच होती.

लिव्हरचं आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. २००२ मधी जर्मनीनं कावाच्या गोळ्या-कॅप्सूलवर बंदी आणली, कारण त्या घेणाऱ्या काही लोकांचं लिव्हर एकदम खराब झालं, काहींना ट्रान्सप्लांटपर्यंत जावं लागलं. अमेरिकेच्या एफडीएनंबी, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, त्याच वर्षी लोकांना इशारा दिला. आता त्या गोळ्या होत्या अल्कोहोल नाहीतर ॲसिटोन वापरून काढलेल्या अर्काच्या, आणि बेटांवर लोक शेकडो वर्षं पितात ती पाण्यात कालवलेली मुळी, हा फरक त्यावेळी नीट कुणी बघितला नाही आणि बेटांवरच्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. २०१४ ला जर्मन कोर्टानं ती बंदी चुकीची ठरवली, वाद तिथं मिटला नाही ती गोष्ट वेगळी. २०२० मधी कोडेक्सनं, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालाची आंतरराष्ट्रीय प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं, पाण्यात कालवलेल्या कावासाठी पॅसिफिक भागापुरतं प्रमाणबी ठरवलं. मुळीचे प्रकार असतात, नोबल म्हणतात तो रोजच्या पिण्याचा, आणि टू-डे म्हणून एक जात आहे, तिचा अंमल दोन दिवस उतरत नाही, ती जाणते लोक पीत नाहीत.

जे भरपूर आणि रोज पितात त्यांच्या रक्तात जीजीटी नावाचं एन्झाइम वाढलेलं सापडतं, अल्कलाइन फॉस्फेटेजबी वाढतं, पण लिव्हरच्याच एसजीपीटी आणि बिलिरुबिन या तपासण्यांचे आकडे बहुतेक वेळा जागेवर असतात, आणि पिणं थांबवलं की आकडे खाली येतात. दादानं तिथल्या डॉक्टरांकडचा रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठवला तर तंतोतंत तेच, जीजीटी वर, बाकी ठीक. कातडीवरबी परिणाम होतो, कोरडी पडते, खवल्यासारखी सुटते, तीबी थांबवलं की परत नीट होते. दादाच्या नडग्या मी व्हिडिओ कॉलवर बघितल्या, पांढऱ्या पडलेल्या, वहिनीला वाटायचं तिकडच्या थंडीनं होत असेल. त्याला मी तीन गोष्टी बजावून सांगितल्या, एक म्हणजे कावा आणि दारू एकाच रात्री कधीच नाही, दुसरं, कंबर दुखते म्हणून पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या फुटाण्यागत खायच्या नाहीत, आणि तिसरं, झोपेच्या किंवा डोक्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला कावाचं सांगितल्याशिवाय राहायचं नाही. तिथले लोक डॉक्टरला सांगत नाहीत, डॉक्टर विचारत नाही, आपल्याकडं तंबाखूचं तेच.

पण लिव्हर हा या गोष्टीतला लहान भाग आहे असं माझं मत झालंय. मोठा भाग म्हणजे घड्याळ. सहा-सात तास मांडी घालून बसायचं. पोट भरलेलं असलं तर कावा नीट लागत नाही म्हणून रिकाम्या पोटी बसायचं, मधी तोंडाचा कडूपणा घालवायला गोड गोळ्या-चॉकलेटं चघळायची, सिगारेटी व्हायच्या, आणि रात्री दोनला उठून मग ताटभर जेवायचं. तेबी काय, तर डबाबंद बीफ आणि मटणाच्या पोटाकडचे चरबीचे तुकडे, जे न्यूझीलंड स्वतः फारसं खात नाही आणि बेटांवर पाठवतं. वरून लगेच झोप. तोंगाचे लोक आधीच वजनानं आणि शुगरनं गांजलेत, लठ्ठपणात तो देश जगात वरच्या काही नंबरांत आहे. त्यांचे राजे तौफाआहाऊ तुपोऊ चौथे यांचं वजन १९७६ मधी दोनशे किलोच्या वर भरलं होतं, सगळ्यात वजनदार राजा म्हणून गिनेसमधी नाव लागलं, आणि त्याच राजानं नंतर स्वतः डाएट करून, व्यायाम करून वजन उतरवलं आणि लोकांनाबी वजन कमी करायला लावलं. म्हणजे तिथं कुणाला कळत नाही असं नाही. कावानं शुगर होते असं मी म्हणत नाही, कावाभोवतीच्या रात्रीनं माणसाची झोप, जेवण, चालणं-फिरणं सगळं खाऊन टाकलं की शुगरला वाट मोकळी होते असं म्हणतोय.

आणि गाडी. रात्री तीनला हे लोक स्वतः गाडी चालवत घरी जातात, सकाळी सहाच्या शिफ्टला परत गाडी. तोंडाला वास नाही, पोलिसाच्या नळीत काही येत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं आपण ठीक आहोत. वायकाटो युनिव्हर्सिटीतले अपो अपोरोसा म्हणून संशोधक आहेत, ते स्वतः कावा पिणाऱ्या परंपरेतले आहेत आणि कावाच्या बाजूनं बोलणारे आहेत, त्यांनीच सहा तासांच्या बैठकीनंतर लोकांची चाचणी घेतली. हात-पायाची चपळाई फारशी कमी झाली नव्हती, पण दोन गोष्टींपैकी आधी कुठली झाली आणि नंतर कुठली हे ओळखण्यात मेंदू मागं पडायला लागला होता. रस्त्यावर, आणि फोर्कलिफ्टवर, नेमकं तेच लागतं. मी दादाला एवढं एकच परत परत सांगितलं, लिव्हरचं नंतर बघू, आधी गाडीचं बघ.

वहिनीची एक तोंगन शेजारीण आहे. तिनं वहिनीला सांगितलं की नवरा दारू पीत नाही, मारत नाही, पगार आणून देतो, चर्चला जातो, मग मी तक्रार कुणाकडं आणि कशाची करू, पण पोरांना बाप फक्त झोपलेला दिसतो. शुक्रवारी गॅरेज, शनिवारी चर्चच्या हॉलची वर्गणीची बैठक, रविवारी प्रार्थनेत डुलक्या, दुपारी झोप. पोराची रग्बीची मॅच असते, आईच जाते. वहिनी मला म्हणली, "भावजी, तिचं ऐकताना मला माझंच ऐकल्यासारखं वाटलं." यावर मी काय बोलणार.

एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं ते आर्नहेम लँडचं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिथल्या मूळ रहिवाशांचा भाग आहे. १९८० च्या दशकात दारूनं वस्त्या उद्ध्वस्त होत होत्या म्हणून दारूऐवजी कावा बरा या विचारानं तो तिथं नेला. पण गोल गेला नाही, गाणी गेली नाहीत, कोण वाढणार कोण आधी पिणार हे काहीच गेलं नाही, नुसती पूड गेली. बेटांवर पितात त्याच्या कितीतरी पट पिणारे निघाले, जेवण सुटलं, वजनं घटली, कातड्या सोलल्या, पैसा गेला. शेवटी ऑस्ट्रेलियानं २००७ ला व्यापारी आयात बंद केली, ती २०२१ च्या डिसेंबरात परत प्रयोग म्हणून सुरू केली. मुळी तीच. बैठकीशिवाय तिनं काय केलं ते आर्नहेम लँडमधी दिसतं आणि बैठक लांबली की काय होतं ते ऑकलंडच्या गॅरेजमधी दिसतं, म्हणून मला हा विषय नुसता "किती वाट्या" असा मोजता येईल असं वाटत नाही. कुठं बसला, कुणाबरोबर बसला, आणि मुख्य म्हणजे किती वाजता उठला.

आता आपल्याकडं येतो, कारण खरं तर लिहायला घेतलं ते यासाठीच. न्यूझीलंडमधी २००७ पासून एक योजना आहे, आरएसई म्हणतात, त्यात तोंगासारख्या बेटांवरून माणसं सीझनपुरती नेतात, हॉक्स बेच्या सफरचंदाच्या बागा, बे ऑफ प्लेंटीच्या किवीच्या बागा, सात महिन्यांपर्यंत काम आणि परत गावी. वाचताना मला सारखे आपले ऊसतोडवाले दिसत होते. दसरा झाला की केज, धारूर, वडवणी, पाटोदा भागातल्या वस्त्या रिकाम्या होतात, उचल घेतलेली असते, मुकादमाच्या हिशोबानं टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते आणि उन्हाळ्यात परत येते. आपल्याकडं नवरा-बायको मिळून कोयता मोजतात, तिकडं बहुतेक पुरुष एकटे जातात, हा मोठा फरक आहे. पण दिवसभर शरीर मोडून संध्याकाळी दहा-बारा गडी एका ठिकाणी बसतात आणि काहीतरी एक गोष्ट हातोहात फिरते, ते तिकडंबी आहे आणि इकडंबी. आपल्याकडं पुडी फिरते. तंबाखू मळायची, चुना लावायचा, चिमूट पुढं करायची, नाही म्हणलं तर माणूस परका वाटतो.

आणि आपली पुडी कावापेक्षा कितीतरी घातक आहे हे स्पष्ट सांगतो. सुपारी एकटी, तंबाखू न घालता, कॅन्सर करते असं आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, २००४ मधीच सांगितलंय. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठं मिळतो ते शाळेतल्या पोरालाबी माहीत आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे चारेक टक्के निघाले आणि तोंडात धरणारे चोवीस टक्क्यांच्या वर. म्हणजे चारातला एक. माझ्या लॅबला बायोप्सीचे नमुने पुढं पाठवायला येतात त्यात गालाच्या आतल्या बाजूचे तुकडे असले की वय बघायची मला भीती वाटते, तिशीतले असतात.

मग या माणसांना तपासणार कोण आणि कुठं? आमच्याकडं शिबिरं होतात, अकरा वाजता, मंडप टाकून, सत्कार, नारळ, भाषणं. बायका येतात, म्हातारी माणसं येतात. तिशी-पन्नाशीतला गडी त्यावेळी रानात नाहीतर कामावर असतो, आणि असला तरी भाषणातून कुणीतरी तंबाखू सोडा म्हणून ओरडणार हे त्याला माहीत असतं, तो कशाला येईल. पॅसिफिकमधी आरोग्याचं काम करणाऱ्यांनी ही अडचण वेगळ्या पद्धतीनं सोडवली, ते स्वतः कावाच्या गोलात जाऊन बसले. तलानोआ म्हणतात त्यांच्याकडं, समोरासमोर बसून निवांत बोलायचं, घाई नाही, फॉर्म भरून घ्यायचा नाही. करवंटी फिरायली, त्यातच शुगरचं बोलायचं, प्रोस्टेटचं, मनावर आलेल्या दडपणाचं. जे दवाखान्यात दहा मिनिटांत निघत नाही ते तिथं रात्री दहाच्या पुढं निघतं. मला ही गोष्ट वाचल्यापासून ती डोक्यातून जाईना.

दादाचं सांगायचं राहिलं. त्यानं कावा सोडला नाही. साडेदहाला उठायचं ठरवलंय, घरून चार घास खाऊन जातो, आणि वहिनी गाडी घेऊन त्याला आणायला जाते किंवा तो चालत येतो. पहिल्यांदा लवकर उठला तेव्हा त्याला वाटलं गोलातले लोक राग धरतील, तर सुपरवायझर म्हणला बायकोला माझाबी नमस्कार सांग, आणि नंतर एकदा तोच दादाबरोबर उठला. दर वेळी होतं असं नाही, वहिनी म्हणते महिन्यातून एखादा शुक्रवार परत तीन वाजतातच. जीजीटीचा पुढचा रिपोर्ट अजून यायचाय.

मी इकडं आमच्या शेजारच्या वस्तीतल्या एका मुकादमाशी बोललो. टोळ्या निघायच्या आधी रक्त तपासायचंय, पैसे घेणार नाही, भाषण करणार नाही, पुडीवरून कुणाला बोलणार नाही, फक्त तुम्ही बसता तिथं बसू द्या म्हणलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "डॉक्टर," (लॅबवाल्यालाबी आमच्याकडं डॉक्टरच म्हणतात) "दिवसा नका येऊ. दिवेलागणीला मारुतीच्या पारावर या, तवा समदे असतेत. आन बायकांचं बी घ्या रगत, न्हाईतर त्या मला सोडायच्या न्हाईत."

संध्याकाळी उपाशीपोटीची शुगर होत नाही, म्हणून एचबीएवनसी करायचं ठरवलंय, त्याला उपाशी राहावं लागत नाही आणि तीन महिन्यांचा अंदाज येतो. सोबत हिमोग्लोबिन, बीपी, आणि सुपारी-गुटख्यानं तोंड उघडायचं कमी होतं म्हणून तोंड किती उघडतं ते, आपलीच तीन बोटं उभी तोंडात जातात का एवढं बघायचं, ज्याची जात नाहीत त्याला तसंच सोडायचं नाही. हे शेवटचं माझं काम नाही, त्याला दातांचा डॉक्टर पाहिजे. केज-धारूर भागातलं कुणी हे वाचत असेल आणि दसऱ्याच्या आधी एखादी संध्याकाळ देता येत असेल तर खाली कळवा, जायची-यायची सोय मी करतो, आणि जेवण मुकादमाकडं आहे.